आयएनआर ७.२ : मज्जारज्जूभोवतीच्या रक्तस्रावाचे एक प्रकरण

पुढील प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. ते कोणा एका रुग्णाचे नाही. मात्र त्यातील प्रत्येक टप्पा वैद्यकीय व्यवहारात घडतो तसाच ठेवला आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यात रक्तस्राव होणे ही दुर्मीळ घटना आहे, आणि ती दुर्मीळ असल्यामुळेच ती पहिल्या तासात कोणाच्या मनात येत नाही. या प्रकरणात औषध चुकीचे नव्हते, डॉक्टर निष्काळजी नव्हते, घरच्यांनी हयगय केली नव्हती. तरीही एका रात्रीत चालती-बोलती बाई पाय हलवेनाशी झाली.

रुग्ण ५८ वर्षांच्या, राधानगरी तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती आणि काही वर्षांपूर्वी तिच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसवली होती. सोबत हृदयाची लय कायमची अनियमित. अशा झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून असेनोकुमारोल हे औषध जन्मभर घ्यावे लागते. घरात तिला ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ एवढेच नाव. गोळीचा परिणाम आयएनआर या तपासणीने मोजतात. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो, मायट्रल झडपेच्या रुग्णात तो साधारण २.५ ते ३.५ ठेवायचा असतो. या बाईंचा आकडा ऑक्टोबरमध्ये २.९ होता. पुढे ऊसतोड सुरू झाली, मुलाला कोल्हापूरला येणे जमेना, बाई म्हणाल्या की गोळी तर रोज घेतेच आहे, आणि जानेवारी उजाडला तरी पुढची तपासणी झाली नाही.

जानेवारीत दाढ सुजली. गावातील डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि दुखण्यासाठी असेक्लोफेनॅकच्या गोळ्या दिल्या. दाढदुखीवर हे औषधपत्र इतके सरावाचे आहे की कोणत्याही औषध दुकानातील मुलगा ते न वाचता काढून देईल. परंतु मेट्रोनिडाझोल यकृतातील ज्या विकराने असेनोकुमारोलचा निचरा होतो त्याच विकराला अडवते, त्यामुळे तीच गोळी तितक्याच मात्रेत अधिक काम करू लागते. असेक्लोफेनॅक प्लेटलेट्सची चिकटण्याची क्षमता कमी करते आणि जठराच्या अस्तरालाही इजा करू शकते. तिसरी गोष्ट बहुधा कोणी विचारतच नाही: चावता येईना म्हणून बाईंनी आठवडाभर भाकरी आणि मेथी-पोकळ्याची भाजी सोडून नुसती पेज घेतली होती. पालेभाज्यांतून मिळणारे जीवनसत्त्व क हे याच गोळीच्या विरुद्ध दिशेने काम करते. ते आटले की गोळीचे पारडे आणखी जड होते. तीन कारणे एकाच आठवड्यात एकत्र आली, आणि त्या आठवड्यात आयएनआर पाहिला गेला नाही.

(येथे ‘जीवनसत्त्व क’ म्हणजे व्हिटॅमिन के. लिंबू-आवळ्यातील व्हिटॅमिन सी वेगळे. रुग्णांशी बोलताना सरळ ‘व्हिटॅमिन के’ म्हणावे, घोटाळा होत नाही.)

सहाव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास पाण्याची कळशी उचलताना दोन्ही खांद्यांच्या मधोमध एकदम कळ आली. ती छातीभोवती पट्ट्यासारखी फिरून पुढे आली आणि थांबेना. झडपेची रुग्ण, छातीत दुखते, घाम आलेला. तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात साडेआठला ईसीजी काढला गेला तो योग्यच होता. लय नेहमीसारखी अनियमित होती, हृदयविकाराच्या झटक्याची नवी खूण नव्हती. तरी धोका नको म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस द्यायची तयारी झाली होती. मुलाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, “डॉक्टर, आईला ही गोळी चालू आहे,” आणि ते थांबले. छातीच्या भागातील मणक्यांत रक्तस्राव झाला की तो अनेकदा हृदयविकाराचा किंवा महाधमनी फाटल्याचा आव आणतो. अशा वेळी रक्त आणखी पातळ करणारे औषध दिले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. येथे ते टळले. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन मात्र कमरेच्या खाली स्नायूत दिले गेले.

त्या इंजेक्शनची जागा पुढे महत्त्वाची ठरली.

अकराच्या सुमारास बाई म्हणाल्या की पायांना मुंग्या येत आहेत. साडेबाराला लघवीला उठवायला गेले तर उभे राहता येईना. “पाय माझं न्हाईतच असं वाटाय लागलंय,” हे त्यांचे शब्द. घरच्यांना लकवा वाटला, आणि झडपेच्या रुग्णाला मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघात होऊ शकतो हे ठाऊक असल्यामुळे रुग्णालयातही तोच विचार झाला. सव्वाला १०८ ची रुग्णवाहिका निघाली. कोल्हापूरपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर अंतर एरवी सव्वा तासाचे, पण हंगामात रात्रीच्या वेळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. शहरातील रुग्णालयात पोहोचायला तीन वाजले.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी सर्वप्रथम चेहरा आणि हात पाहिले. बोलणे स्पष्ट, चेहरा सरळ, दोन्ही हातांची पकड घट्ट. उजवा पाय जेमतेम बोटे हलवीत होता, डावा गादीवरून सरकत होता पण उचलला जात नव्हता. मेंदूतील पक्षाघात साधारणतः एका बाजूचा हात-पाय धरतो. दोन्ही पाय एकदम जाणे आणि हात पूर्ण शाबूत असणे ही मज्जारज्जूची भाषा आहे. मग सुईच्या टोकाने पायापासून वर वर स्पर्श तपासला. छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक येईपर्यंत बाईंना टोचलेले कळत नव्हते, त्याच्या वर कळत होते. ही रेषा सहाव्या वक्षीय मज्जातंतूची. ओटीपोट फुगलेले होते; लघवीची नळी घातल्यावर ९०० मिलिलिटर लघवी आली, आणि एवढे मूत्राशय भरूनही बाईंना लघवीची जाणीव नव्हती. शेवटी त्यांना कुशीवर वळवले तेव्हा परिचारिकेला इंजेक्शनच्या जागी तळहातापेक्षा मोठा, गडद जांभळा, टणक झालेला डाग दिसला. एका साध्या सुईने एवढे रक्त साकळते त्या रुग्णाचे रक्त किती पातळ झाले असेल, हे प्रयोगशाळेच्या आधी त्या डागाने सांगितले. आयएनआरचा अहवाल चाळीस मिनिटांनी आला: ७.२.

आता शरीररचना थोडी समजून घेतली तर पुढचे निर्णय कळतील. मज्जारज्जू ड्युरा नावाच्या जाड आवरणात असतो, आणि ड्युरा व मणक्याचे हाड यांच्यामधील अरुंद जागेला एपिड्युरल जागा म्हणतात. तिथे चरबी असते आणि पातळ भिंतींच्या शिरांचे जाळे असते. या शिरांना झडपा नसतात. त्यामुळे खोकणे, कुंथणे, वजन उचलणे यांनी छाती-पोटात वाढलेला दाब सरळ त्यांच्यापर्यंत पोहोचतो. निरोगी माणसात एखादी शीर फाटली तरी तिथे गुठळी बसते आणि कोणाला कळतही नाही. आयएनआर सात असेल तर रक्त वाहत राहते, आणि भोवती हाडाची भिंत असल्यामुळे त्याला पसरायला वाव नसतो. थोडेसे रक्तही मज्जारज्जूला दाबून त्याचा रक्तपुरवठा तोडू शकते. मज्जारज्जू ज्यातून जातो ती मणक्यांची नलिका छातीच्या भागात सर्वांत अरुंद असते. कसलीही इजा नसताना होणारा असा रक्तस्राव वर्षाला दहा लाखांत सुमारे एका माणसाला होतो असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिला जातो. रक्त पातळ ठेवणारे औषध हे त्याच्या ठळक कारणांपैकी एक.

एमआरआय तातडीने हवा होता. तिथे अडले. झडप धातूची आहे, एमआरआयच्या चुंबकात ती निघून येईल, असा आक्षेप तंत्रज्ञाने घेतला आणि नातेवाइकांनीही तो उचलून धरला. हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. वस्तुतः शिवलेल्या झडपेवर दर ठोक्याला जेवढा जोर पडतो त्याच्या तुलनेत चुंबकाचा ओढा नगण्य असतो, आणि आज वापरात असलेल्या कृत्रिम झडपांच्या रुग्णांचे एमआरआय नेहमीच्या यंत्रांवर सर्रास केले जातात. पेसमेकरची गोष्ट वेगळी. त्याचा प्रकार तपासावाच लागतो. सुदैवाने मुलाने झडपेचे कार्ड कागदांच्या पिशवीत जपून ठेवले होते. त्यावर झडपेचा प्रकार आणि क्रमांक होता. तरी या चर्चेत अर्धा तास गेला.

दुसरा प्रश्न होता तो कोणत्या भागाचा एमआरआय काढायचा याचा. पाय गेले म्हणून कमरेचा, असे मागणीपत्रावर लिहिले जाणे सर्वांत सोपे. प्रौढ माणसात मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो. कमरेचा एमआरआय काढला असता तर तो जवळपास स्वच्छ आला असता आणि सकाळ तिथेच उजाडली असती. छातीच्या हाडाजवळ सापडलेल्या रेषेमुळे संपूर्ण कण्याचा मागवला गेला. तिसऱ्यापासून सातव्या वक्षीय मणक्यापर्यंत, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूस, ताज्या रक्ताचा लांबट संचय दिसला. मज्जारज्जू पुढे ढकलला जाऊन चपटा झाला होता.

या क्षणी दोन विरुद्ध भीती समोरासमोर आल्या. औषधाचा परिणाम उलटवला नाही तर शस्त्रक्रिया अशक्य आणि रक्त वाढत राहणार. उलटवला तर धातूच्या झडपेवर गुठळी बसून ती अडकू शकते किंवा तुकडा मेंदूत जाऊ शकतो. हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर झालेल्या चर्चेत जो हिशेब मांडला गेला तो मला या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. धातूच्या झडपेच्या रुग्णाने कोणतेही गुठळीविरोधी औषध घेतले नाही तर मोठी गुठळी अन्यत्र जाण्याचा धोका वर्षाला शंभरात साधारण चार, हा नव्वदच्या दशकातील एकत्रित विश्लेषणातून आलेला आकडा आहे. मायट्रल झडप आणि अनियमित लय यांमुळे तो येथे त्याहून जास्त धरला आणि शस्त्रक्रियेने रक्त घट्ट होते म्हणून आणखी वाढवला, तरी एका आठवड्याच्या वाट्याला येणारा धोका शंभरात एकापेक्षा कमीच राहतो. समोर मात्र दोन्ही पाय आणि मूत्राशय कायमचे जाण्याची जवळजवळ खात्री होती. ‘झडपेच्या रुग्णाचे औषध कधीच उलटवू नये’ हे वाक्य वॉर्डात ऐकू येते. ते असा आकडा मांडून पाहिल्यावर टिकत नाही.

कसे उलटवायचे यालाही पर्याय होते. गोठवलेला ताजा प्लाझ्मा मिळतो, स्वस्त असतो, पण तो वितळवायला वेळ लागतो, आणि ५२ किलो वजनाच्या या बाईंना किलोमागे १५ मिलिलिटर म्हणजे जवळपास ८०० मिलिलिटर द्यावा लागला असता. मायट्रल झडपेच्या हृदयावर एवढा द्रव चढवला तर फुफ्फुसात पाणी भरण्याची भीती खरी. प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्स, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, त्यात गोठण्याचे तेच घटक थोड्याशा द्रवात एकवटलेले असतात. आयएनआर ६ च्या वर असेल तर किलोमागे ५० युनिट हे त्याचे प्रमाण. येथे २,५०० युनिट दिले. औषध महाग, रुग्णालयात शिल्लक नव्हते, शहरातील दुसऱ्या औषध दुकानातून साडेपाचला आले. सोबत व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश. पीसीसीचा परिणाम काही तासांनी ओसरू लागतो, व्हिटॅमिन केचा परिणाम तोपर्यंत सुरू होतो. एक देऊन दुसरे न दिल्यास दुपारी आयएनआर पुन्हा वर गेलेला आढळतो. तोटा असा की एवढ्या मात्रेनंतर असेनोकुमारोल पुन्हा सुरू केले तरी ते बरेच दिवस नीट लागू पडत नाही. पुढचा आठवडाभर ते सुरू करायचे नव्हतेच, म्हणून हा तोटा स्वीकारला. साडेसहाला आयएनआर १.३ झाला.

सात वाजता पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया सुरू झाली. मणक्यांच्या मागच्या कमानी काढून, म्हणजे लॅमिनेक्टॉमी करून, पावणेआठला दाब मोकळा झाला. आत गडद, अर्धवट गोठलेले रक्त होते. विकृत रक्तवाहिन्यांचा गुंता आढळला नाही. पायांना मुंग्या येऊ लागल्यापासून पावणेनऊ तास झाले होते. कमरेतून दिलेल्या भुलीनंतर कण्यात रक्त साकळलेल्या ६१ रुग्णांचा आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ तासांच्या आत दाब मोकळा केलेल्यांची सुधारणा अधिक चांगली होती. आठ तास ही काही लक्ष्मणरेषा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी पायांत किती ताकद उरली आहे यालाही तेवढेच महत्त्व आहे, आणि या बाईंची बोटे शेवटपर्यंत हलत होती.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस नातेवाइकांना सोपे वाटले. उपचार करणाऱ्यांना ते अवघड गेले. पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून पोटऱ्यांना हवेच्या दाबाचे पट्टे लावले. प्रत्येक पाळीतील परिचारिकेला स्टेथोस्कोपने झडपेचा धातूचा टिक् आवाज ऐकून नोंदवायला सांगितले होते. तो मंद किंवा बोदा होणे ही झडपेवर गुठळी बसत असल्याची खूण असते. चौथ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये नवीन रक्त नव्हते. पाचव्या दिवशी हेपॅरिन हे गुठळीविरोधी औषध शिरेतून थेंबाथेंबाने, सुरुवातीचा मोठा डोस न देता सुरू केले, कारण त्याचा परिणाम थांबवताच काही तासांत ओसरतो आणि गरज पडली तर प्रोटामाइनने उलटवता येतो. असेनोकुमारोल आठव्या दिवशी. अपेक्षेप्रमाणे आयएनआर हळूच चढला. दोनच्या वर जायला आणखी दहा दिवस लागले.

याच काळात मुलाने विचारले, “या गोळीनंच झालं ना हे, मग बंदच करूया की?” आणि पाठोपाठ, शेजारच्या एका गृहस्थांना तपासणी न लागणारी नवी गोळी आहे, ती चालेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. अशा नव्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान धातूच्या झडपांसाठी वापरून पाहण्याचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. धातूच्या झडपेला अजूनही जुन्या कुळातील औषधच लागते, आणि त्यासोबत रक्ततपासणीही.

कागदांच्या पिशवीत आणखी एक चिठ्ठी निघाली. दिवाळीच्या सुमारास कंबरदुखीसाठी दाखवले तेव्हा ‘कमरेत एपिड्युरल इंजेक्शन’ घेण्याचा सल्ला लिहून दिला होता. ऊसतोडीमुळे ते राहून गेले. पाठीच्या कण्यात सुई घालणे हे या रक्तस्रावाचे दुसरे मोठे दार आहे, म्हणून त्याविषयी येथे लिहिणे आवश्यक आहे. सरसकट पाहिले तर धोका अगदी लहान: एपिड्युरलनंतर दीड लाखात एक, स्पायनल भुलीनंतर दोन लाख वीस हजारांत एक, असा १९९३ चा अंदाज आजही उद्धृत होतो. पण सरासरी आकड्यात कोण लपले आहे ते पाहावे लागते. स्वीडनमधील १९९० ते १९९९ या काळातील नोंदींत बाळंतपणातील एपिड्युरलनंतर हा धोका दोन लाखांत एक होता, तर गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतील स्त्रियांत ३,६०० मध्ये एक. वय, ठिसूळ झालेली हाडे, अरुंद झालेली नलिका आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शने यांची ती बेरीज आहे. अमेरिकेत एनॉक्सापॅरिन हे असेच एक इंजेक्शन १९९३ मध्ये आले आणि तिथे ते दिवसातून दोनदा दिले जाऊ लागले. युरोपात ते दिवसातून एकदा दिले जात असे. कण्यातील रक्तस्रावाच्या तिसेक नोंदी जमल्यावर डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. तेव्हापासूनचे नियम आता बरेच पक्के आहेत. एनॉक्सापॅरिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर किमान १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर २४ तास सुई घालायची नाही. एपिड्युरलची नळी काढतानाही तेवढेच अंतर, कारण नळी काढणे हे ती घालण्याइतकेच धोक्याचे असते. वॉरफॅरिन (असेनोकुमारोलच्याच कुळातील औषध) पाच दिवस आधी थांबवून आयएनआर सामान्य झाल्याची खात्री करायची. एकटी ॲस्पिरिन असेल तर बहुतेक भूलतज्ज्ञ कमरेतली साधी भूल नाकारत नाहीत. क्लोपिडोग्रेल मात्र पाच ते सात दिवस आधी बंद हवे.

या बाईंसाठी कंबरदुखीचे ते इंजेक्शन कायमचे रद्द केले. ज्या दुखण्यावर शेक, व्यायाम आणि पॅरासिटामोलने भागते त्यासाठी धातूच्या झडपेचे औषध आठवडाभर थांबवणे हा सौदा परवडणारा नाही, असे माझे मत आहे. पॅरासिटामोलही रोज पूर्ण मात्रेत बरेच दिवस घेतल्यास आयएनआर वाढवू शकते, हे मुलाला सांगितले.

सहा महिन्यांनी बाई वॉकर धरून घरात चालतात. उजव्या पावलाची बोटे अजून ओढतात, उंबरा ओलांडताना कोणीतरी लागते. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. दिवसातून दोनदा नळीने लघवी काढायला सुनेला शिकवले आहे. आयएनआर किती ठेवायचा यावर दोन तज्ज्ञांचे एकमत व्हायला वेळ लागला. कण्याच्या सर्जनना २ च्या जवळ हवा होता, हृदयरोगतज्ज्ञ मायट्रल झडपेसाठी २.५ च्या खाली यायला तयार नव्हते. २.५ ते ३ असे ठरले आहे. पट्टा एवढा अरुंद असल्यामुळे तपासणी दर पंधरवड्याला आहे, कोणतीही नवी गोळी सुरू झाल्यास तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जादा एकदा, आणि रक्त तालुक्याच्या ठिकाणीच घेऊन अहवाल फोनवर मागवला जातो, म्हणजे यंदाच्या ऊसतोडीत कोल्हापूरची खेप करावी लागणार नाही.